वालावलकर बाईंची तोफ

शोकसभेत एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "वालावलकर बाई म्हणजे अत्यंत शांत आणि सोशिक व्यक्तिमत्त्व." मी मागच्या बाकावर होतो. मला असा ठसका लागला की शेजारच्याने धावत जाऊन पाणी आणले. मेलेल्या माणसाबद्दल बरे बोलावे हे मलाही कळते, पण म्हणून काय वाट्टेल ते? उद्या मी गेलो की हेच गृहस्थ मला मितभाषी म्हणतील. अहो, बाई शांत असत्या तर वरच्या वाडीतल्या निम्म्या मुली आज अंगठा उठवत असत्या. आणि सोशिक? बाईंच्या गाडीचा आवाज तेवढा सोसण्यासारखा होता, आणि तोही त्या सोसत नव्हत्या, आम्ही सोसत होतो.

मी त्यांच्याच शाळेत चित्रकलेचा मास्तर. बाई इंग्रजी शिकवायच्या. दोघांचीही घरे मालवणात आणि शाळा कुडाळच्या वाटेवर, त्यामुळे ऐंशीच्या दशकातली बरीच वर्षे बाईंच्या गाडीतली पुढची जागा माझी होती. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील डॉक्टर होते, जाताना मुलाला घर दिले आणि मुलीला गाडी. मुलगा मुंबईला, त्यामुळे घरातही बाईच राहिल्या.

बाई उंचीने एवढ्याशा. गाडीत बसताना घडी घातलेले गोणपाट, त्यावर जुनी उशी आणि त्यावर बाई, असा थर लागायचा. पदर कमरेला खोचायचा, चष्मा पुसायचा आणि मग किल्ली फिरवायची. मागून बघणाऱ्याला काचेतून फक्त अंबाडा आणि त्यावरची अबोलीची वेणी दिसे. शाळेत शुद्ध मराठी, वर्गात इंग्रजी आणि राग आला की मालवणी, अशा त्यांच्या तीन भाषा होत्या. पोरे म्हणायची, बाईंचे इंग्रजी कळत नाही तोवर बरे असते, मालवणी कळायला लागले की पळावे. कोणी अडवले, नडले, आडवे आले की त्यांचे एकच वाक्य ठरलेले, "बघूया, दमता कोण ता."

त्यांचे घर अगदी वेळेवर, म्हणजे समुद्राला लागून. गाडी झावळ्यांच्या मांडवात उभी असायची. तिथल्या खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज गळून पडायचे, तिथे सायलेन्सरची काय कथा! आधी त्याला बारीक भोके पडली, मग भोकांची खिंडारे झाली, आणि एका पावसाळ्यानंतर त्या गाडीतून असा आवाज येऊ लागला की गावाने तिचे नाव ठेवले 'तोफ'. "बाईंची तोफ इली" म्हटले की गुरे आपणहून रस्ता सोडत.

सुट्टीत मुंबईहून आलेला भाऊ म्हणाला, "मथू, भंगारात दे ही. काय तो आवाज!" भाऊ दम्याचा. बाई शांतपणे म्हणाल्या, "आवाज तर तुझ्याही छातीतून येतो. तुला काढू का भंगारात?" भाऊ दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत गेला.

फणसाखाली गॅरेज चालवणारा पास्कू मेस्त्री गाडीखाली झोपला, पाना लावून दोन ठिकाणी टकटक केले आणि अंगावर पडलेला चुरा झटकत बाहेर आला. "बाईनू, हेका वेल्डिंग धरूचा नाय. वेल्डिंगाक लोखंड व्हया. हंय नुसतो गंज आसा, वयसून रंग." नवीन सायलेन्सर? या गाडीचा आता कुठेच मिळत नाही, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा शोधून बसवावा लागेल, बघतो कुडाळात, असे तो म्हणाला. पास्कूचे 'बघतो' म्हणजे गणपती ते शिमगा.

बाई थांबणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी घरातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा कापला आणि सायलेन्सरभोवती गुंडाळून तारेने आवळून बांधला. डब्यावर गुलाबाची फुले छापलेली होती. चार दिवस गाडी घशात खवखव असल्यासारखी चालली. पाचव्या दिवशी मासळीबाजाराजवळ धाडकन काहीतरी पडले आणि तोफ पुन्हा सुरू झाली. एक मासेवाली तो तापलेला पत्रा पदरात धरून मागून ओरडत आली, "बाय गे, तुमच्या गाडयेची आतडी पडली! फुलांची आसत!" सगळा बाजार हसला. बाई खाली उतरल्या, पत्रा घेतला, तिच्याकडून बांगडे घेतले आणि तिथेच रस्त्यावर बसून पत्रा परत बांधला. बघ्यांना म्हणाल्या, "हसा, हसा. हसून झालं की कोणीतरी तार धरा."

आता ही गाडी बाई कशासाठी चालवत होत्या, ते सांगायला हवे. शाळेच्या अलीकडे मोठ्या रस्त्यावरून एक फाटा आत जातो. आत देऊळ, देवळामागे वरची वाडी. वाडीतल्या मुली चौथीनंतर घरी बसायच्या. एसटी आत येत नाही, आणि काजूच्या रानातून चेडवांना एकटे कोण पाठवणार? बाई एकदा त्या वाडीत घरोघर जाऊन सांगून आल्या, "पोरी देवळाच्या दारातून नेईन आणि देवळाच्या दारात आणून सोडीन." तेव्हापासून मागच्या सीटवर मुलींची अशी दाटी असे की वेण्यांवरून कोण कोणाची ते ओळखावे लागे. गाडी बंद पडली तर त्यांची शाळा बंद, इतका सरळ हिशेब होता. आणि त्या वर्षी त्यांच्यातली एक, चंद्रा, दहावीला होती. वाडीतली दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी.

चंद्रा ही दाजी गावकारांची पुतणी. बाप नव्हता, वाढवली दाजींनीच. दाजी देवळाचे मानकरी. उंच, पांढऱ्या मिशा, गावात शब्द खाली पडायचा नाही. माणूस वाईट नव्हता, हेही सांगून टाकतो. चंद्रासाठी त्यांनी एक स्थळ बघून ठेवले होते, आणि दहावी झालेली मुलगी त्या घराला झेपेल की नाही ही त्यांची काळजी होती.

एके सकाळी देवळासमोर दाजींनी हात आडवा केला.

"बाईनू, ह्यो रस्तो देवाच्या दारातसून जाता. तुमच्या गाडयेच्या आवाजान देवाक तरास होता."

"देवाने सांगितलं?" बाईंनी विचारले.

"देव कसो सांगतलो?"

"मग तुम्हाला कसं कळलं?"

मागे मुली फिसकन हसल्या. चंद्रा तेवढी हसली नाही. दाजींच्या मिशा हलल्या. "बरा तर. देवाकच इचारतंव. सोमवारी कौल लावतलंव. त्या सकाळी गाडी आत हाडू नका."

कौल म्हणजे आमच्याकडचे सर्वोच्च न्यायालय. गुरव देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, मानकरी गाऱ्हाणे घालून प्रश्न विचारतो आणि जी बाजू आधी पडेल तो देवाचा निकाल. त्यावर अपील नाही. मी घाबरलो. बाईंना म्हटले, "सोमवारी गप्प घरी राहा. उगाच देवाशी वाकडं नको."

"माझं देवाशी कुठे वाकडं आहे? सोमवारी शाळेला सुट्टी आहे का?"

"नाही."

"मग मी रोजच्या वेळेला येणार. बघूया, दमता कोण ता."

देवळात काय झाले ते मला मागाहून गुरवाने सांगितले. दाजींनी हात जोडून खणखणीत गाऱ्हाणे घातले, "बा देवा रवळनाथा म्हाराजा! ही जी काय मोटार तुझ्या दारातसून बोंब मारीत जाता, ती बंद करूची असात तर उजवो दी, आणि चलाक दिवची असात तर डावो दी म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणि वाट बघत बसले. पाकळी पडेना. दाजींनी पुन्हा गाऱ्हाणे घातले. पुन्हा "व्हय म्हाराजा", पुन्हा शांतता. देव काही ठरवायला तयार नव्हता.

आणि तेवढ्यात उतारावर आम्ही पोचलो.

त्या दिवशी तोफेला काय झाले होते कोण जाणे. फाट्याला वळलो तेव्हाच माझ्या पायाखालची फळी थरथरत होती. देवळासमोर येईपर्यंत दीपमाळेवरचे कावळे उडाले, कौलांवरची धूळ उडाली, आणि आत गाभाऱ्यात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत डावी पाकळी टपकन खाली पडली.

"ह्यो कौल नाय!" दाजी ओरडले. "ह्यो गाडयेचो हादरो!"

गुरव म्हातारा आणि वस्ताद. तो म्हणाला, "दाजीनू, तुमच्या बांधाच्या भांडणात पालीन पाकळी पाडल्यान, तेवा तुमीच म्हणालास, देवळात जा पडता ता देवाच्या मनातला. पाल देवाची. मगे गाडी कोणाची?"

 पालीने पाडलेल्या त्या पाकळीवरच तो बांध दाजींचा झाला होता. गुरवाची नातही बाईंच्याच गाडीतून शाळेत जायची, हे इथे सांगायला हरकत नाही.

मुली चढेपर्यंत मी पाय पसरले तेव्हा टाचेला काहीतरी लागले. वाकून बघितले तर माझ्या सीटखाली गुलाबांचा पत्रा आणि तारेचे वेटोळे, नीट गुंडाळून ठेवलेले. मी बाईंकडे बघितले. बाई समोर बघत होत्या. "पडेल म्हणून काढून ठेवला," त्या म्हणाल्या. मी काही विचारले नव्हते.

आता ऐका बाईंचा आडवेपणा. गावाने, देवाने, सगळ्यांनी आवाजाला परवानगी दिली, आणि बाईंनी पुढच्याच आठवड्यात पास्कूच्या उरावर बसून सायलेन्सर बदलून घेतला! पास्कूने कुठल्याशा जीपचा आणला होता. तो लांबीला जास्त, मागून हातभर बाहेर यायचा. पास्कू खाली झोपलेला आणि बाई शेजारी उकिडव्या, कुठला क्लॅम्प कशाला, कुठला नट किती आवळायचा, सगळे विचारून घेत होत्या. "हो नट ढिलो झालो काय तोफ परत सुरू," पास्कू म्हणाला. बाईंनी तो नट नीट बघून ठेवला.

मी चिडलो. "आता कशाला? आता तर देवानेही सोडलंय."

"सोडलंय ना? मग त्याला कशाला त्रास द्यायचा? मी हट्टी आहे मास्तर, आडमुठी नाही."

गाडी मांजरासारखी चालू लागली. मला तर पहिले काही दिवस चुकल्यासारखे झाले. आणि दाजी? दाजींनी देवळासमोर पुन्हा हात आडवा केला. "आता तर गाडी इलेली कळणाच नाय! पोराटोरांक, गुरांक उडवलास तर?"

बाई हसल्या नाहीत. गाडी फाट्यापर्यंत आल्यावर मला म्हणाल्या, "कळलं ना मास्तर? त्यांना सायलेन्सर गाडीला नको होता. पोरींना हवा होता." 

मार्चमध्ये दहावीची परीक्षा आली. केंद्र कुडाळला. पहिल्या दिवशी शाळेला सुट्टी होती, त्यामुळे वाडीतून निघायची होती ती एकटी चंद्राच. आम्ही देवळासमोर आलो तर चंद्रा नाही. रोज तिथे दगडावर बसलेली असायची. बाईंनी गाडी सरळ दाजींच्या दारात नेली. दाजी लोट्यावर, म्हणजे ओटीपुढच्या पडवीत, बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

"चंद्रा कुठे आहे?"

"घरात आसा," दाजी म्हणाले. मान वर केली नाही. "वाट बघल्यान चेडवान. गाडयेचो आवाज नाय इलो. मी म्हटलंय, गाडी येवची नाय आज, जा घरात. गेला."

"मी आले आहे ना आता! बोलवा तिला."

"मागल्यादारी आसा. पाणी तापवता. आता रवांदे, बाई. पुढल्या वर्साक बघूया." पुढच्या वर्षी चंद्रा सासरी असणार, हे त्या अंगणातल्या कोंबड्यांनाही माहीत होते.

बाईंनी हाक मारली. मागल्यादारापर्यंत पोचेल अशी हाक नव्हती ती. बाईंचा आवाजच बारीक. पुढे अंगण, मग ओटी, माजघर आणि त्यामागे ते दार. मीही ओरडलो. दाजी म्हणाले, "मास्तर, दुसऱ्याच्या घरात ओरडू नये." आणि चंद्रा काका नको म्हणत असताना आपणहून बाहेर येणारी मुलगी नव्हे. घड्याळ तिकडे कुडाळात चालू होते.

बाई दाजींकडे बघत राहिल्या. मग अस्सल मालवणीत म्हणाल्या, "आवाज व्हयो तुमका? वायच थांबा."

त्यांनी डिकीतून पाना काढला. न्हाणीपाशी पाण्याने भरलेल्या दगडी डोणीत गोणपाट बुडवून हाताला गुंडाळले. आणि अंबाडा, वेणी, चष्मा, धुवट पांढरे पातळ, अशा सगळ्या वालावलकर बाई दाजी गावकारांच्या अंगणात आडव्या झाल्या आणि गाडीखाली शिरल्या. बाहेर फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. ओल्या गोणपाटाची वाफ येत होती, आतून बाई पास्कूच्या सात पिढ्यांना बोलावत होत्या, नट एवढा आवळल्याबद्दल. दाजी अडकित्ता तसाच उघडा धरून बघत होते. मग खणकन काहीतरी सुटले. बाई बाहेर आल्या, गालाला काजळी, पातळावर तेलाचा ओघळ. थरावर चढून बसल्या, किल्ली फिरवली आणि पाय खाली दाबून धरला.

देवा रे! तोफ ती काय, हाच आवाज महिनाभर पोटात साठवून ठेवल्यासारखा बाहेर पडला. कोंबड्या छपरावर गेल्या. कुत्रे पळाले. पडव्यांतून, काजूंच्या आळ्यांतून, विहिरीवरून माणसे धावत आली. गुरव देवळातून आला आणि समोर काय चालले आहे ते बघून जवळच्या पेळेवर, म्हणजे अंगणाच्या कट्ट्यावर, आरामात बसला. दाजी उभे राहून ओरडत होते. मिशा हलत होत्या, हात हलत होते, पण एक अक्षर कोणाला ऐकू येत नव्हते. त्या अंगणात दाजी गावकारांचा शब्द पहिल्यांदाच खाली पडला असेल.

आणि घराच्या बगलेकडून चंद्रा आली. केस ओले, हातात पॅड आणि कंपास, ते तिने घट्ट धरलेले. म्हणजे पोरगी चुलीपाशीही कंपास घेऊन बसली होती! ती तुळशीपाशी थांबली, काकांकडे बघू लागली. दाजी तिला काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते तिला ऐकू आले नाही, मला नाही, कोणालाच नाही, आणि न ऐकलेली आज्ञा मोडली असे कोणी म्हणू शकत नाही. बाईंनी पाय काढला नाही. चंद्रा अंगण ओलांडून आली, दार उघडून मागे बसली. मला रडू आले. मी मोकळेपणाने रडलो, त्या आवाजात कोण ऐकतो?

कुडाळपर्यंत रस्ताभर लोक दारात येऊन बघत होते. चंद्रा वेळेत पोचली. बाईंनी तिची ओली बट कानामागे सारली, त्यांच्या बोटाची काजळी तिच्या कपाळाला लागली, ती तशीच घेऊन ती पेपराला बसली. परीक्षा संपेपर्यंत बाईंनी तो नट आवळू दिला नाही. चंद्रा पास झाली, पुढे कुडाळलाच एका कचेरीत लागली. ते स्थळ गेले ते गेलेच. दुसरे मिळाले.

त्यानंतर दाजी बाईंशी बोलत नसत. बाईही देवळासमोरून जाताना देवाला नमस्कार करायच्या आणि दाजींना नाही. अशी वर्षे गेली.

मग माझी बदली नांदगावच्या शाळेत झाली. जूनमध्ये शाळा उघडायच्या दिवशी बाईंनी मला ट्रंकेसकट त्या फाट्यावर आणून सोडले. मला तिथून एसटी मिळणार होती, त्यांना आत मुली आणायला जायचे होते. बाईंचे केस आता पिकले होते, थरात आणखी एक उशी वाढली होती.

फाट्यावर दाजी उभे होते. काठी टेकलेली, दुसऱ्या हाताला धरलेली एक छोटी मुलगी, नवे दप्तर, दोन वेण्या, वेण्यांना लाल रिबिनी. नात असावी. पाचवीतली. गाडी त्यांच्यासमोर थांबली. 

"दाजीनू," बाई म्हणाल्या, "इतक्या लांब कशाला आलात? मी देवळाकडे आलेच असते."

 दाजींनी नातीला पुढे ढकलले. बाईंनी आतून दार उघडले, मुलीला माझ्या जागेवर बसवले आणि मला म्हणाल्या, "पत्र टाका, मास्तर. आणि तिकडे कोणाला घाबरू नका." गाडी आत वळली. काचेतून अबोलीची वेणी दिसत होती आणि तिच्या शेजारी, सीटच्या वर जेमतेम येणाऱ्या दोन लाल रिबिनी. बाईंना मी पाहिले ते शेवटचे.

मी आणि दाजी उरलो. दाजी त्या वाटेकडे बघत उभे होते.

"काय पण गाडी," ते शेवटी म्हणाले. "कधी येता नि कधी जाता, काय आयकाक येणा नाय."

मला राहवले नाही. "तुम्हालाच नको होता ना आवाज?"

दाजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "म्हणान तर उजाडल्यापासना हंय उबो आसंय, मास्तर. चेडवाची शाळा चुकाक नको."